कोइनोबोरीबद्दल माझ्याकडूनच पसरलेली चूक

मुलांसोबत कोइनोबोरी, म्हणजे जपानमध्ये काठीवर उभारतात तसे मासे, कागदाचे करायचे म्हणून मी गेल्या आठवड्यात एक मेसेज टाकला होता. त्यात लिहिलं होतं: ‘५ मेला जपानी लोक फक्त मुलग्यांसाठी माशांचे पतंग उडवतात, काळा मासा बाबा, लाल आई, ही हजारो वर्षांची प्रथा.’ न तपासता टाकला, ही चूक माझी.

हा दिवस पूर्वी मुलग्यांचा सण होता, एवढं खरं. पण १९४८च्या सुट्ट्यांच्या कायद्याने तो ‘बालदिन’ झाला, सगळ्याच मुलांचा. त्या कायद्यात मुलांच्या सुखाबरोबर आईविषयी कृतज्ञताही लिहिली आहे, हे मला फार आवडलं. मासे उभारण्याची चाल जपानच्या एदो काळातली (१६०३–१८६८). जपानी चित्रकार हिरोशिगेचं १८५७चं सुइदोबाशी पुलाचं चित्र पाहा: समोर भला मोठा काळा मासा. लाल मासा नंतर आला आणि त्याला ‘आई’ म्हणणं तर त्याहून अलीकडचं.

आणि हा पतंग नव्हे! कोइनोबोरी म्हणजे काठीला बांधलेली, दोन्हीकडून उघडी नळी. माझ्या मेसेजमध्ये शेपटी चिकटवून बंद करायला सांगितलं होतं. तसं केलं तर वारा आरपार जात नाही, मासा नुसता लोंबतो. तोंडाला जाड कागदाची पट्टी गोल लावा, शेपटी उघडी ठेवा. खवले मुलांना हवे तसे रंगवू द्या, निळे-जांभळेसुद्धा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा पाठवा.