ती लाट त्सुनामी नाहीये, चित्र लावा बिनधास्त

फॅमिली ग्रुप्सवर परत ते फॉरवर्ड फिरतंय. मोठी निळी लाट, खाली होड्या, मागे इवलासा डोंगर, असं ते फेमस जपानी चित्र, आणि वर लाल अक्षरांत ‘हे चित्र घरात असेल तर आजच काढा’. कारणं चार दिलीयेत: हे त्सुनामीत हजारो लोक बुडतानाचं चित्र आहे, जपानी लोक स्वतःच ते अशुभ मानतात, ओरिजनल जगात एकच आहे म्हणजे तुमच्या भिंतीवरचं नकली, आणि वाहत्या पाण्यासोबत पैसाही वाहून जातो.

पैशाचं आधी उरकतो. ज्याला मानायचंय त्याने मानावं, पण ते जपानच्या नावावर खपवू नका एवढंच.

आता त्सुनामी. होकुसाई या जपानी चित्रकाराने हे चित्र साधारण 1831 मध्ये फुजी पर्वताच्या मालिकेसाठी केलं, मालिकेचं नाव 36 दृश्यांचं पण इतकी खपली की पुढे आणखी 10 जोडली. होड्या जरा झूम करून बघा. तीन लांबट अरुंद होड्या आहेत, वल्हेवाले ओळीने पुढे वाकून बसलेत, टकली तेवढी दिसतात. ताजी मासळी एदोला, म्हणजे आजच्या टोकियोला, पटापट पोचवणाऱ्या होड्या होत्या या. आणि प्रसंग आहे कानागावाजवळच्या समुद्रातला, किनाऱ्यावरचा नाही. त्सुनामी खोल पाण्यात होडीखालून गेली तरी फारशी कळत नाही, ती उंच होते किनाऱ्याजवळ पाणी उथळ झालं की. चित्रातली फेसाळून फुटणारी लाट खवळलेल्या समुद्रातली आहे. माणसं संकटात आहेत हे खरंच, पण ‘हजारो लोक बुडतानाचं चित्र’ हे कुठून आणलं? चित्रात एकही माणूस पाण्यात नाहीये.

जपानी लोक अशुभ मानतात म्हणे. जुलै 2024 मध्ये जपानने 1000 येनची नवी नोट काढली, तिच्या मागच्या बाजूला हीच लाट आहे. 2020 पासून त्यांच्या पासपोर्टच्या पानांवरही याच मालिकेतली चित्रं छापतात. अशुभ चित्र कोण स्वतःच्या नोटेवर छापेल, सांगा बरं. घरात लावायचं म्हणाल तर अठराव्या शतकात तिथे खास घरातल्या खांबांवर लावायला लांब अरुंद पट्टीसारखी छापील चित्रं निघायची, साध्यासुध्या लोकांसाठी.

आणि ते ‘ओरिजनल एकच’ वालं, हे वाचून मला सगळ्यात जास्त राग आला कारण शिकलेले लोकही माना डोलावतात. अहो हे पेंटिंगच नाहीये, लाकडी ठोकळ्यांवरून छापलेलं चित्र आहे! होकुसाईने कागदावर रेखाटन केलं, कोरणाऱ्याने तो कागद चेरीच्या लाकडी ठोकळ्यावर पालथा चिकटवला आणि त्याच्यासकट लाकूड कोरलं, म्हणजे रेखाटन त्यातच संपलं. मग रंगांचे ठोकळे वेगळे, छापणारा वेगळा, तो ओलसर कागद ठोकळ्यावर ठेवून मागून हाताने घासून एकेक रंग उठवणार, आणि पैसे लावणारा प्रकाशक निशिमुराया योहाची. हजारो प्रती निघाल्या, किंमत दोन वाडगे नूडल्सच्या आसपास. आज शंभरेक शिल्लक असल्याचं माहितीये, आणि लंडन, न्यूयॉर्क, शिकागोच्या म्युझियममध्ये आहेत त्या या छापील प्रतीच. त्यातल्याही काही ठोकळा झिजल्यावरच्या, चित्राच्या नावाभोवतीच्या चौकटीची रेघ तुटलेल्या. आपल्याकडे राजा रविवर्म्याने 1894 मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्या छापील लक्ष्मी-सरस्वतीला आजीने कधी नकली म्हटलं का?

चांगली प्रत आणि वाईट प्रत असा फरक मात्र आहे, आणि फॉरवर्डवाल्याने त्यावर लिहिलं असतं तर मीच शेअर केलं असतं. टोकियोत आदाची नावाची संस्था आजही नवे ठोकळे कोरून हाताने छापते, महाग असतात पण कागदाचा पोत, दाबाची खूण सगळं दिसतं. तेवढं बजेट नसेल तर न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमच्या साइटवरून मोठी फाइल फुकट डाउनलोड होते, कॉपीराइटचा प्रश्न नाही, चांगल्या जाड मॅट कागदावर प्रिंट काढून घ्या. मूळ साइज साधारण 26 बाय 38 सेंटीमीटर, म्हणजे ए-थ्रीहून थोडी लहान. तीच सोफ्यामागे सहा फुटी कॅनव्हासवर ताणली की कोरीव रेघेची सगळी धार जाते, वर डाव्या कोपऱ्यातली चित्राच्या नावाची आणि सहीची जागा क्रॉप करून टाकतात ते वेगळंच. आभाळ भडक पिवळं असेल तर तेही घेऊ नका, काही जुन्या प्रतींत ढगांना फिकट गुलाबी छटा होती, बहुतेक ठिकाणी ती उडून गेली आणि कागद पिवळसर पडला, पोस्टरवाले त्याच पिवळेपणाला आणखी चढवतात.

हाताने छापलेली घेतलीत तर बाल्कनीसमोरच्या उन्हाच्या भिंतीवर नको, म्युझियमवालेही अशा प्रती थोडे महिने लावून मग बराच काळ अंधारात ठेवतात. साधी प्रिंट असेल तर कुठेही लावा, फिकी पडली की दुसरी काढायची.