फ्रिट्झ फॉन ओपेलच्या नावाने फिरणारा तो मेसेज आता थांबवा

गेल्या रविवारी ताईचा फोन आला, म्हणाली तुझा भाचा गच्चीवर काय करतोय ते आधी येऊन बघ. गेलो तर जुन्या सायकलच्या कॅरिअरला पीव्हीसी पाइपचे चार तुकडे तारेने आवळून बांधलेले, शेजारी स्टीलच्या परातीत फटाक्यांतून काढलेली काळी दारू, आणि पोरगं लाटण्याने ती पाइपात ठासत बसलेलं. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हुशार आहे. हे काय म्हणून ओरडलो तर त्याने शांतपणे मोबाइल पुढे केला, "मामा, हे वाच ना, ओपेलच्या मालकाने पण घरीच केलं होतं."

मेसेज आमच्याच फॅमिली ग्रुपवरचा, काकांनी पाठवलेला, आणि नंतर ऑफिसातल्या दोघांकडूनही तोच आला. सार असं की जर्मनीतला फ्रिट्झ ओपेल नावाचा गरीब मुलगा शाळा सोडून गोठ्यात कारखाना काढतो, ओपेल ही मोटारींची कंपनी उभी करतो, रेसिंगचा चॅम्पियन होतो, फटाक्याच्या दारूवर घरच्या घरी रॉकेट कार बनवून ताशी 400 किलोमीटरने पळवतो आणि जगाचा रेकॉर्ड मोडतो, जगातलं पहिलं रॉकेट विमान उडवतो, मग तेल कंपन्या घाबरून त्याचा शोध दाबून टाकतात, हिटलर त्याला देशोधडीला लावतो आणि शेवटी सगळी संपत्ती वाटून तो थायलंडमध्ये बौद्ध भिक्षू होतो. खाली ठळक अक्षरात, "डिग्री नको, जिद्द हवी. त्याने केलं, तुम्हीही करू शकता."

गरीब मुलगा, गोठा आणि कंपनी. गोठा खरा आहे, पण तो फ्रिट्झचा नाही, त्याच्या आजोबांचा. अ‍ॅडम ओपेलने 1862 मध्ये रुसेल्सहाइम गावात काकाच्या गोठ्यात शिलाई मशीन बनवायला सुरुवात केली, 1886 पासून सायकली, 1895 मध्ये तो वारला, आणि मोटारी त्याच्या पाठीमागे 1899 मध्ये त्याच्या बायकोने आणि मुलांनी सुरू केल्या. आपला फ्रिट्झ जन्मला तोच 4 मे 1899 ला, म्हणजे कंपनीचा मोटारधंदा आणि हा एका वयाचे. बाप विल्हेल्म कंपनीचा मालक. त्यात एका काकाचं नावही फ्रिट्झच, त्यामुळे नेटवर दोघांचे फोटोही एकमेकांच्या नावाखाली सापडतात. आणि डिग्री नको म्हणे! हा माणूस डार्मश्टाटच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत शिकलेला, नंतर कंपनीत टेस्टिंगचं आणि जाहिरातीचं काम बघणारा. शाळा सोडल्याची गोष्ट कुठून आणली कोण जाणे.

रेसिंगचं अर्धं मान्य करतो. 1921 च्या सप्टेंबरमध्ये बर्लिनचा आव्हुस ट्रॅक सुरू झाला तेव्हा उद्घाटनाच्या शर्यतींत त्याने ओपेल गाडीतून ताशी जवळपास 129 च्या सरासरीने शर्यत जिंकली होती, आणि त्या काळच्या टायरवर नि ब्रेकवर ते सोपं नव्हतं. गाडी चालवायला घाबरणारा मालक तो नव्हताच.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो तो मुद्दा, घरच्या घरी आणि फटाक्याची दारू.

रॉकेट कारच्या मागे तीन माणसं होती. कल्पना घेऊन आला माक्स व्हालियर, पैसा, गाडी आणि गाजावाजा फ्रिट्झचा, आणि रॉकेट बनवणारा तिसराच, फ्रीडरिश झांडर. या झांडरचा धंदाच रॉकेटचा होता. समुद्रात जहाज अडकलं की किनाऱ्यावरून त्यावर दोर फेकायची रॉकेटं त्याच्या कारखान्यात बनायची. दारू मशीनच्या दाबाखाली नळीत घट्ट बसवायची म्हणजे ती आतल्या तोंडापासून थराथराने जळते. त्या दाबलेल्या दारूत एक बारीक भेग राहिली, नळी पडली-आपटली, गरम-थंड होऊन चीर गेली, की आग एकदम सगळीकडून धरते, आतला दाब क्षणात वाढतो आणि रॉकेटचा बॉम्ब होतो. आयुष्य त्यात घालवलेल्या झांडरची रॉकेटंसुद्धा फुटायची, मग लाटण्याने ठासलेल्या पाइपचं काय होईल? पीव्हीसी तर आणखी वाईट, फुटलं की धारदार तुकडे उडतात.

आणि पहिली गाडी फ्रिट्झने चालवलीच नव्हती. 1928 च्या एप्रिलमध्ये रुसेल्सहाइमला कंपनीच्या स्वतःच्या टेस्ट ट्रॅकवर ती चालवली कुर्ट फोल्कहार्टने, बारा रॉकेटं लावली होती, त्यातली काही पेटलीच नाहीत, तरी आठ सेकंदांत 100 चा स्पीड आला. म्हणजे कारखान्याच्या बंद ट्रॅकवर, तयार ड्रायव्हर घेऊन, आणि तरीही रॉकेटं धड पेटली नाहीत. फ्रिट्झ स्वतः बसला 23 मे 1928 ला, आव्हुसवर, दुसऱ्या गाडीत. 24 रॉकेटं, साधारण 120 किलो दारू, पायाने पेडल दाबलं की विजेने रॉकेटं पेटायची. त्या दिवसाची फिल्म आहे, भाच्याला मी थांबवून थांबवून दाखवली. काळी लांबट गाडी, मागे पांढऱ्या धुराचा लोळ, आणि दोन्ही बाजूंना विमानासारखे छोटे पंख. भाचा म्हणाला पंख उडायला ना? नाही रे बाबा, उलटे लावलेत, गाडी उडू नये, रस्त्याला चिकटून राहावी म्हणून. तुझ्या सायकलला काय आहे? गप्प बसला.

त्याच वर्षी जूनमध्ये हॅनोव्हरजवळ रेल्वेच्या रुळांवर रॉकेटची गाडी सोडली, माणूस न बसवता. पहिल्या फेरीत ती ताशी 250 च्या वर गेली. दुसऱ्या फेरीत जास्त रॉकेटं लावली आणि आत एक मांजर ठेवलं, गाडी रुळावरून उडाली, चक्काचूर, मांजर मेलं. आणि व्हालियर? तो पुढे द्रवरूप इंधनाच्या रॉकेटवर काम करायला लागला, 17 मे 1930 ला बर्लिनमध्ये चाचणी करताना इंजिन फुटलं, लोखंडाचा एक तुकडा छातीत घुसला आणि तो गेला, वय 35. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली तो माणूस याच कामात मेला आणि "तुम्हीही करू शकता" लिहिणाऱ्याने त्याचं नावसुद्धा घेतलेलं नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

400 आणि जगाचा रेकॉर्ड, दोन्ही खोटं. आव्हुसवर स्पीड आला 238. महिनाभर आधीच अमेरिकेत डेटोनाला रे कीचने 334 केला होता.

पहिलं रॉकेट विमान हेही पूर्ण खरं नाही. 30 सप्टेंबर 1929 ला फ्रँकफर्टला फ्रिट्झने रॉकेट विमान उडवलं हे खरं, यूलियुस हाट्रीने ते मुद्दाम रॉकेटसाठीच बनवलं होतं हेही खरं, सव्वा मिनिटभर हवेत होता आणि उतरताना विमान मोडलं. पण त्याच्या वर्षभर आधी, 11 जून 1928 ला, वासरकुप्पं डोंगरावर फ्रिट्झ श्टामर नावाचा पायलट झांडरचीच रॉकेटं लावलेल्या ग्लायडरमधून, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानातून, उडून बसला होता, पैसे ओपेलचे पण उडणारा श्टामर. दुसऱ्या उड्डाणात त्याचं एक रॉकेट फुटलं आणि ग्लायडरला आग लागली, कसाबसा वाचला.

तेल कंपन्यांचं काय बोलायचं, साधा हिशेब करा. एक किलो पेट्रोलमध्ये साधारण 45 मेगाज्यूल ऊर्जा, काळ्या दारूत 3 च्या आसपास, कारण जळायला लागणारा ऑक्सिजनसुद्धा दारूला स्वतःच्या पोटात घेऊन फिरावा लागतो. म्हणजे आव्हुसवर जाळलेल्या 120 किलो दारूत जेवढी ऊर्जा होती तेवढी 10-11 लिटर पेट्रोलमध्ये आहे. वर एकदा पेटलं की कमी-जास्त करता येत नाही, बंद करता येत नाही, सिग्नलला थांबायचं तर काय करणार? याला घाबरायचं कारण कुठल्या तेल कंपनीला असेल? काम थांबलं कारण 1929 मध्ये जनरल मोटर्सने ओपेलचा 80 टक्के हिस्सा विकत घेतला, उरलेला 1931 मध्ये, आणि मध्ये जगभर मंदी आली.

हिटलरने देशोधडीला लावलं म्हणे. हिटलर चॅन्सेलर झाला जानेवारी 1933 ला, फ्रिट्झ त्याच्या आधीच कंपनी आणि जर्मनी दोन्ही सोडून गेलेला. उलट युद्धात त्याला पकडून ठेवलं अमेरिकेने, शत्रुराष्ट्राचा माणूस म्हणून. आणि संपत्तीबद्दल ज्यांना शंका असेल त्यांनी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा 1952 चा निकाल वाचावा, उबरझे फिनान्झ कॉर्पोरेशन विरुद्ध मॅकग्राथ, नेटवर फुकट आहे, मी रात्री बसून वाचला. स्विस कंपनी, तिचे 97 टक्के शेअर फ्रिट्झचे, त्यावरच्या उत्पन्नाचा हक्क जर्मनीत राहणाऱ्या आई-बापाकडे, म्हणून अमेरिकन सरकारने मालमत्ता ताब्यात घेतलेली, आणि तो स्वतः लिष्टेनश्टाइनचा नागरिक. गरीब मुलगा, स्वतः उभी केलेली कंपनी, वाटून टाकलेली संपत्ती, तिन्ही गोष्टी त्या एका कागदावर निकालात निघतात.

भिक्षू झाला तो फ्रिट्झ नाही, त्याचा मुलगा रिकी. 1947 चा जन्म, 1973 आणि 74 मध्ये फॉर्म्युला वन मध्ये लिष्टेनश्टाइनकडून आधी एन्साइन आणि मग ब्रॅभमच्या गाडीत दहा शर्यती धावला, एकही पॉइंट मिळाला नाही, आणि नंतर सगळं सोडून थायलंडला गेला. फ्रिट्झ 1971 मध्येच स्वित्झर्लंडमध्ये वारला होता, मुलाची पहिली ग्रां प्री सुद्धा त्याने बघितली नाही.

परातीतली दारू ताईने आणि मी बादलीत पाणी ओतून भिजवली, पाइप काढून टाकले, पोरगं दोन दिवस माझ्याशी बोललं नाही. काल फोन करून विचारलं, "मामा, ते उलटे पंख किती डिग्रीने झुकवले होते?" ते शोधून देईन मी त्याला. पण काका, ग्रुपवर आणखी सात-आठ पोरं त्याच वयाची आहेत आणि दिवाळी दहा दिवसांवर आली आहे, तो मेसेज आजच डिलीट करा.