गंजगोलाईत डाउन जॅकेट

परवा भर दुपारी लातूरच्या गंजगोलाईत मी एका दुकानात थर्मल मागितलं. मे महिना, बाहेर 42. दुकानदारानं आधी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि मग हळूच विचारलं, "सर, थंडी वाजून येलाली का? दवाखाना पलीकडच्या गल्लीत हाय."

सगळी करणी मेहुण्याची. तो पुण्याला कंपनीत असतो आणि दर उन्हाळ्यात त्याला आमच्या तब्येतीची काळजी वाटते. "दाजी, तुमचं नाव टाकलंय," असा फोन आला. विचारलं नाही, कळवलं. ऑगस्टमध्ये लडाख. मारखा दरीत पाच-सहा दिवस पायी, मग झंस्कार नदीत राफ्टिंग, मग खारदुंग ला या खिंडीतून सायकलनं खाली लेहपर्यंत चाळीसेक किलोमीटर. सोबत गाइड, स्वयंपाकी, सामानाला खेचरं. माणशी 48 हजार, विमान वेगळं. महिनाअखेरच्या आत भरले तर चार हजार सूट. 'सूट' हा शब्द ऐकल्यावर बायकोनं माझं जाणं पक्कं केलं. ती स्वतः येणार नाही. "मला चालायचंच असलं तर सिद्धेश्वराला जाऊन येते," म्हणाली.

खारदुंग लाचं मेहुण्याला भारी कौतुक. वरच्या पाटीवर म्हणे 18,380 फूट लिहिलेलं आहे. मी जरा वाचून पाहिलं, तर नीट मोजल्यावर ती खिंड 17,582 फूट भरते. म्हणजे पाटी आठशे फूट फेकते. ऐकून उलट बरं वाटलं. कुणीतरी आपल्याकडचंच तिथं पोचलंय.

तर सामानाची यादी आली. एकतीस वस्तू. थर्मल दोन जोड, फ्लीस, डाउन जॅकेट म्हणजे पिसं भरलेलं, कपाळाला बांधायची बॅटरी. शिवाय एक फॉर्म. त्यात प्रश्न: आपल्या भागात सरावासाठी डोंगर आहे का? आमच्याकडं खरोशाची लेणी आहेत, ती टेकडी चढायला जेवढा वेळ लागतो त्याहून जास्त वेळ गाडी लावायला लागतो. पुढचा प्रश्न: पोहता येतं का? येतं. पाठीला डबा बांधून चुलत्यानं विहिरीत ढकललं होतं, तिथं शिकलो. विहीर अजून आहे. त्यात परवा पुतण्या क्रिकेटचा चेंडू आणायला उतरला आणि चप्पल न भिजवता वर आला.

आमच्या गावात गरम कपडे दिवाळीच्या सुमाराला येतात. रस्त्याकडेला नेपाळी लोक दोऱ्या बांधून स्वेटर टांगतात आणि संक्रांतीनंतर निघून जातात. मे महिन्यात मिळालं तर शाळेच्या गणवेशाच्या दुकानात, तेही माळ्यावर. पोऱ्या वर चढला, खोकला, आणि एक नारिंगी जॅकेट खाली टाकलं. केदारनाथला निघालेल्या कुणीतरी सांगून ठेवलेलं, नेलंच नाही. डांबरगोळ्यांचा वास असा की डोळ्याला पाणी आलं. "घालून बघा," दुकानदार म्हणाला. मी घातलं. चेन हनुवटीपर्यंत ओढली. चेन तिथंच बसली. आणि लाइट गेली.

काउंटरजवळच्या स्टुलावर एक आबा बसले होते. पांढरं धोतर, टोपी, मांडीवर नातीचा गणवेश. तो बदलून घ्यायला सकाळी अकराला आलेले आणि पंखा चांगला आहे म्हणून थांबलेले. आता पंखा नव्हता, मी होतो.

"कुठं निघालाव सर?"

"लडाखला."

"मिलिट्रीत?" माझ्या पोटाकडं बघून त्यांनी हा प्रश्न स्वतःच मागं घेतला.

"फिरायला, आबा. पाच-सहा दिवस पायी."

"देवाला?"

"नाही. देवाला नाही. मठ आहेत बुद्धाचे, पण आपण त्यासाठी जात नाही."

"मग कामून जालालाव?"

ह्याचं उत्तर माझ्याकडं पुण्याच्या भाषेत होतं, लातूरच्या भाषेत नव्हतं. मी चेन ओढत राहिलो. आबांनी तंबाखू मळली, चुना झटकला.

"किती देतेत तुमाला?"

"कोण?"

"चालायचं."

"मीच देतो. 48 हजार."

माळ्यावरचा पोऱ्या खाली यायचा थांबला. दुकानदारानं कॅल्क्युलेटर उगाच दाबला. आबा शांतपणे म्हणाले, "आन् चालायचं तुमीच."

मी सांगायला गेलो की सगळे दिवस चालायचं नसतं. लेह साडेतीन हजार मीटरवर, तिथं हवा विरळ, डोकं दुखतं, मळमळतं, म्हणून पहिले दोन दिवस नुसतं पडून राहायचं, भरपूर पाणी प्यायचं.

"पडायचे पैसे वेगळे का त्यातच?"

"त्यातच."

"आन् फोन?"

"दरीत रेंज नसते. आणि तिकडं बाहेरचं प्रीपेड चालतच नाही."

"मंजी काय झालं-बिलं तर घरी कळायचं न्हाई." त्यांनी समाधानानं मान हलवली. "झोपायचं कुटं?"

"तंबूत."

आबांचा मळता अंगठा थांबला. "मी किल्लारीकडचा," ते म्हणाले. "गणपती बुडवून आलो, झोपलो, आन् पाटं चारच्या आत सगळं खाली. मग तंबूच. मग पत्र्याचं शेड. पावसात वरून, थंडीत खालून. सरकारनं फुकट दिलतं." जरा थांबून, अगदी सरळ हिशेब विचारावा तसं: "तुमचा तंबू लई चांगला असंल?"

30 सप्टेंबर 1993, किल्लारीचा भूकंप. मी तेव्हा शाळेत होतो आणि खाट हलली एवढंच आठवतं. यावर बोलण्यासारखं काय असतं? मी त्या माणसासमोर नारिंगी जॅकेट घालून, घामानं निथळत, हनुवटी वर करून उभा होतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की आबांनी मला टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. टोमण्याला टोमणा देता येतो. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं, हा त्रास होता.

दुकानदारानं मेणबत्ती काढली. चेनला मेण घासलं की सुटते म्हणे. तो माझ्या गळ्याखाली मेणबत्ती घेऊन वाकला, तोंडातून बडीशेपेचा वास. "पेटवू नगं रं," आबा ओरडले, "पिसं हायत आत!" गणवेश घ्यायला आलेली दोन पोरं मोबाईल काढून उभी राहिली. एवढ्यात माझ्या खिशातला फोन वाजला, आणि खिसा जॅकेटच्या खाली. सात वेळा वाजला. मला कळत होतं काय आहे ते. आमच्या गल्लीत आठव्या दिवशी नळ येतो, आणि मोटर लावायचं काम माझं.

2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं आम्हाला. पहिल्या गाडीला दहा टाक्या, पाच लाख लिटर. लोकांनी इंजिनाला हार घातले. त्याआधी पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावली होती. असल्या गावच्या माणसानं नदीत रबरी होडी उलटायला पैसे भरावेत, यात हसण्यासारखं आहे हे मला मान्य. पण मला ती उलटलेलीच बघायची आहे. यादीतल्या एकतीस वस्तूंपैकी मला त्या नदीखेरीज काही नको, आणि ती यादीत नाही.

आबांनी शेवटी तेच विचारलं. "त्या नदीला पाणी किती दिसाला सोडतेत?"

"सोडत नाहीत, आबा. बर्फ वितळतं, येतं. उन्हाळ्यात जास्त येतं."

"उनाळ्यात जास्त?"

"हो."

"आसं कसं," ते म्हणाले, आणि बराच वेळ गणवेशाच्या घडीकडं बघत बसले.

घरी येऊन मी पाऊसही बघितला. लेहला वर्षाला जेमतेम 100 मिलिमीटर. आपल्याकडं सातशे-आठशे. ते लोक हिवाळ्याचं वाहून जाणारं पाणी बर्फाच्या स्तूपासारखं गोठवून ठेवतात आणि वसंतात शेताला वापरतात. आपण सातपट पावसाचा ऊस करतो आणि मिरजेकडं बघतो. हे मी बायकोला सांगायला गेलो. ती म्हणाली, "मोटर लावायला कोण होतं?"

चेन शेवटी आबांनीच सोडवली. तंबाखूची डबी बाजूला ठेवली, दोन बोटांनी कापड मागं ओढलं, आणि एकदाच, खस्सकन. मी जॅकेट काढून दुकानदाराच्या हातात दिलं, म्हटलं नको. त्यानं ते आतून चाचपलं, हात शर्टाला पुसला.

"सर, घाम लागला. आता दुसऱ्याला कसं देऊ?"

2,200 रुपये. थर्मल नव्हतंच त्याच्याकडं.

जॅकेट सध्या गच्चीवर दोरीवर आहे. आतल्या चिठ्ठीवर लिहिलंय, पाण्यात धुऊ नये. पाणी नव्हतंच. शेजारच्या काकू दोनदा विचारून गेल्या, पाहुणे कुठले आलेत.