‘ट्रायल’ म्हणे!

सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितेय. लांबणार आहे.

आमच्या खालच्या मजल्यावर नाशिकचा एक मुलगा राहतो, इथे कॅनडात, फ्रेंच बोलणाऱ्या क्यूबेक प्रांतातल्या मॉन्ट्रियलला मास्टर्स करायला आलाय. चार संध्याकाळी एका रेस्टॉरंटात भांडी घासली. पाचव्या दिवशी मालक म्हणाला, तुला फ्रेंच येत नाही, राहू दे. पैसे? “वो तो ट्रायल था बेटा.” हो, हिंदीत! आपलाच माणूस. खरकट्या कढयांशी कुठली फ्रेंच बोलायची असते हो?

2016 च्या थंडीत मीही इंग्रजी सीव्हींचा गठ्ठा घेऊन सेंट लॉरेंट रस्त्याच्या पूर्वेला, फ्रेंच बोलणाऱ्या भागात दारोदार फिरले होते. एका बेकरीतल्या बाई “बाँजूर” म्हणाल्या, मी “हॅलो” म्हणाले. त्यांनी सीव्ही उलटा केला आणि पाठीमागे पेनाने चार ओळी फ्रेंचमध्ये लिहून दिल्या: हे पाठ करून ये. मेट्रोच्या फलाटावर रडले मी. पण पाठ केलं, आणि परत तिथेच गेले.

फ्रेंच मागण्यात चूक नाही, मान्य. 1977 पासून क्यूबेकचा फ्रेंच भाषेचा कायदा आहे, आणि मराठी पाट्यांसाठी भांडणाऱ्या आपण तरी नाक मुरडू नये. पण फ्रेंच येत नाही हे त्या मालकाला चार रात्री भांडी घासून घेतल्यावर कळलं?

बेकरीतल्या बाईंनी पहिल्या सकाळचे चार तास वहीत मांडले होते. तीही ट्रायलच होती. पैसे दिले. उपकार नव्हते ते. मालकाने करायला लावलेली ट्रायल म्हणजे कामाचेच तास, असं क्यूबेकचा कायदा सांगतो. हे पोराला माहीत नाही. त्याला एकच भीती, तक्रार केली तर व्हिसा जाईल. मालकाचं सगळं दुकान या भीतीवर चालतं. अरे, सीएनईएसएसटीकडे, म्हणजे कामगारांच्या तक्रारी घेणाऱ्या इथल्या सरकारी संस्थेकडे जायला वर्षभराची मुदत असते!

सत्र चालू असताना परदेशी विद्यार्थ्याला कॉलेजबाहेर काम करायला आठवड्याला 24 तासच. नोव्हेंबर 2024 पासून एवढे झाले, आमच्या वेळी 20 होते. अभ्यास आधी, बरं. पण त्या मोजक्या तासांतलेही असे गिळायचे?

त्या बाईंनीच मला गल्ल्यावर आकडे शिकवले. फ्रेंचमध्ये नव्वद म्हणजे “चार विसा दहा”, चार वेळा वीस आणि वर दहा. माझी आजी असंच मोजायची! मी हसत सुटले, त्यांना कळेना काय झालं. असो. राग जरा उतरला बहुतेक.

पोरगा आत्ता वर आलाय. साडेपाच ते अकरा, साडेपाच ते साडेबारा, असं आठवून आठवून कागदावर लिहितोय. वरण-भात टाकलाय.