कपाटाची किल्ली मात्र मागू नका

मुलाला बालकेंद्री शाळेत घालायचं की पारंपरिक, यावर तुमच्या घरात सध्या रात्री अकरापर्यंत खल चालला असेल तर घाबरू नका. मी नुकतीच त्यातून बाहेर पडले आहे. पाच शाळा पाहिल्या, पाच माहितीपत्रकं आणली, आणि आता कुणी न विचारताही सल्ला देऊ शकते.

पहिलं म्हणजे पाटी नीट वाचा. 'बालकेंद्री', 'मुक्त', 'आनंददायी' यांपैकी दोन शब्द सापडले की शोध संपला. 'माँटेसरी' दिसलं तर आत डोकवायचंही कारण नाही. हे नाव कुणा एकाच्या मालकीचं नाही, असा निर्वाळा अमेरिकेच्या ट्रेडमार्क मंडळाने १९६७ मध्येच देऊन टाकलाय. तेव्हा उद्या मी आमच्या गच्चीच्या दाराला तो शब्द लावला, तरी लोक फॉर्म मागायला वर येतील.

पारंपरिकच हवं असेल तर निकष त्याहून सोपा. वही. पहिल्या महिन्यात किती पानं भरली, ती मोजा. तीन वर्षांच्या मुलाच्या मनगटाचा एक्स-रे काढला तर आठ हाडांपैकी जेमतेम तीन-चार दिसतात, बाकीची अजून कूर्चाच असते, वगैरे डॉक्टर मंडळी सांगतात. सांगू द्या. शेजारचं पोर शंभरपर्यंत आकडे काढतं ते काय मनगटाशिवाय?

शिवाय 'आमच्या वेळी नव्हतं हो असलं काही' हे वाक्य दिवसातून दोनदा म्हणत जा. फक्त बालवाडीची ही परंपरा आली कुठून, ते शोधू नका. पोरांशी खेळायचं, गाणी म्हणायची, लाकडी ठोकळे रचायचे, हा उद्योग फ्रोबेल नावाच्या जर्मन गृहस्थाने १८३७ मध्ये सुरू केला. तो प्रशिया या जर्मन राज्याच्या सरकारला इतका घातक वाटला, की त्यांनी १८५१ मध्ये बालोद्यानांवर, म्हणजे किंडरगार्टनवर, बंदी घातली. ती उठायला १८६० उजाडलं. काल जे बंड होतं, तेच आज आपलं जुनं ते सोनं.

'आमच्याकडे दोन्ही पद्धतींचा सुंदर मेळ आहे' असं सांगणारी शाळा भेटली तर वेळापत्रक मागू नका. मी मागितलं. त्यात छापलं होतं, 'मुक्त खेळ : ९.४० ते १०.००'. वीस मिनिटं मुक्त. मग घंटा.

मुलाला सोबत नेऊ नका. ते जे दिसतं तेच बोलतं.

आता साहित्य. साहित्याला फार महत्त्व आहे बरं का. ते लाकडी असावं, महाग असावं आणि काचेच्या कपाटात असावं. कपाटाला कुलूप. चौथ्या शाळेत अगदी असंच होतं. मुख्य बाईंनी आम्हाला थेट त्या कपाटापुढे नेलं, सराफाच्या शोकेसपुढे उभं करावं तसं. आत माँटेसरीचा गुलाबी मनोरा. दहा ठोकळे, सगळ्यात मोठा दहा सेंटिमीटरचा, सगळ्यात छोटा एक सेंटिमीटरचा, आणि मधला प्रत्येक खालच्यापेक्षा एका सेंटिमीटरने लहान. लेकीने काचेला आधी नाक लावलं. मग तळहात लावला.

"हात नाही लावायचा हं बाळा," वर्गातल्या ताई म्हणाल्या, "काचेवर डाग पडतात."

अहो, त्या मनोऱ्याची सगळी गंमत हातातच आहे! एक ठोकळा चुकला की मनोरा वेडावाकडा दिसतो, आणि मूल आपण होऊन तो पाडून परत रचतं. बाईंना 'चुकलं' म्हणायची वेळच येऊ नये, म्हणून तर तो तसा घडवलाय. कोपऱ्याला कोपरा लावून रचला तर दोन ठोकळ्यांमध्ये जी अरुंद पायरी उरते, तिच्यावर तो सगळ्यात छोटा ठोकळा बरोब्बर बसतो. हे पोराला एखाद्या दिवशी आपलं आपल्याला सापडायचं असतं. काचेबाहेरून कसं सापडणार? डोळे मिटून?

आणि मुळात ही पद्धत रुजली तीच कुणीतरी कपाट बंद करायला विसरल्यामुळे. रोममधल्या सान लोरेंझो वस्तीत १९०७ साली मारिया माँटेसरींनी पहिलं बालघर चालवायला घेतलं. मुलांचं भलं वगैरे नंतर. आईबाप कामावर गेले की पोरं जिने नि भिंती खराब करतात, ही घरमालकांची खरी चिंता होती. तिथेही साहित्य कुलपात आणि किल्ली बाईंकडे. एके दिवशी बाई कपाट बंद करायला विसरल्या आणि सकाळी उशिरा पोचल्या. पाहतात तर मुलं कपाटापाशी जमलेली, आपल्याला हवं ते काढून घेताहेत. बाईंना वाटलं, ही चोरी. माँटेसरींना वाटलं, यांना काय हवंय ते यांना कळतंय. मग मुलांचा हात पोचेल अशी बुटकी कपाटं आली. बालकेंद्री, बालकेंद्री म्हणतात ते हे. आणि शंभराहून जास्त वर्षांनी त्याच नावाखाली आपण काय केलं? कुलूप परत लावलं आणि वर काच बसवली!

नाही, खोटं कशाला बोलू, कपाट उघडतं. फोटोसाठी उघडतं. ताईंनी कमरेची किल्ली काढली, मनोरा स्वतःच झरझर रचला, शेवटचा इवलासा ठोकळा लेकीच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "इकडे बघ, स्माइल!" फोटो झाल्यावर ठोकळा परत मागितला. तिने मूठ मिटून घेतली. तेव्हा एकेक बोट उलगडून तो काढून घेतला.

फोटो मीच काढला. छान आलाय. सगळ्या नातेवाइकांना पाठवला, धडाधड अंगठे आले.

शाळा ठरवताना इतर पालकांचं मत जरूर घ्या. विशेषतः ज्यांचं मूल तिथे जात नाही, त्यांचं.

आणि काय काय विचारतो हो आपण! कॅमेरे आहेत का, संमेलन कधी असतं, गणवेश कोणता, लिहायला कधी लागेल, ॲपवर रोज फोटो येतात का. एका ताईमागे किती मुलं आहेत, हे विचारलं कुणी? या ताई इथे किती दिवस टिकल्यात? पाणी सांडलं तर मूल ओरडा खातं, की त्याच्या हातात फडकं येतं? रडणाऱ्या मुलाचं काय होतं, फाटक बंद झाल्यावर? यातलं एकही मी विचारलं नाही. चार शाळांत नाही. भिंतीवरची चित्रं मात्र तोंडपाठ आहेत मला.

पाचवी शाळा अगदी साधी होती. पाटीवर पद्धतबिद्धत काही नाही, बाई म्हणणार आणि मुलं मागून म्हणणार, तसला वर्ग. आपल्यासारखे लोक ज्याला नाकं मुरडतात तसला. एक मुलगी गोलात बसेना. खिडकीशी, वर्गाकडे पाठ करून उभी. बाईंनी तिला ओढून आणलं नाही, नावाने हाकही मारली नाही, कविता पुढे चालू ठेवली. तिसऱ्या कडव्याला बाई शेवटच्या शब्दाआधी थांबल्या, आणि तो शब्द खिडकीकडून आला. मागे न वळता. बाईंनी तिकडे बघून नुसती मान हलवली आणि चौथं कडवं घेतलं.

तिथे मी दहा मिनिटं बसले असेन. पाच शाळांत मिळून मुलांकडे पाहिलं ते तेवढंच, बाकी सगळा वेळ कपाटं आणि पाट्या. तुम्हीही तेच करताय, आणि वर रात्री अकरापर्यंत पद्धतींवर वाद घालताय. कसल्या पद्धती? बसा की अर्धा तास वर्गाच्या कोपऱ्यात, खाली जमिनीवर! मोबाइल पिशवीत टाका. बघा, मूल काहीतरी करत असताना मोठी माणसं काय करतात ते. बसू देत नसतील तर फॉर्म तिथेच परत द्या, पाटीवर काय वाटेल ते लिहिलेलं असो.