साडेतीनशे ग्रॅमचे रिव्हॉल्व्हर आणि नानांचे मधले बोट

नाना टेक्सासहून परतल्यापासून प्रभादेवीच्या आमच्या कट्ट्यावर दुसरा विषय निघालेला नाही. पुतण्याकडे राहून आलेला माणूस साधारणपणे तिथले रस्ते, तिथली शिस्त आणि स्वतः घासावी लागलेली भांडी यांविषयी बोलतो. नाना थेट खिशातल्या रिव्हॉल्व्हरवर आले. माजी मंत्री बाबा सिद्दीकी यांचा जीव घेणाऱ्या वांद्र्याच्या त्या गोळीबारानंतर बंदुकीच्या परवान्यासाठी अर्ज करण्याचे त्यांनी मनावर घेतलेच होते, आणि आता तर ते, त्यांच्याच शब्दांत सांगायचे तर, 'अनुभवाने' बोलत होते.

अनुभव असा, की पुतण्याकडे लपवून बाळगण्याजोगी दोन रिव्हॉल्व्हर आहेत. एक रूगर कंपनीचे एलसीआर, .38 स्पेशल या काडतुसाचे, सुमारे 383 ग्रॅम वजनाचे. दुसरे स्मिथ अँड वेसनचे 340 पीडी, .357 मॅग्नम या जास्त जोरकस काडतुसाचे, रिकामे असताना जेमतेम 335 ग्रॅम. दोन्हींत पाच काडतुसे बसतात, दोन्हींची नळी दोन इंचांहून थोडी आखूड आहे, आणि खिशातून काढताना कापडात अडकू नये म्हणून दोन्हींची हातोडी आत झाकलेली आहे. पर्यटक व्हिसावर गेलेल्या परदेशी माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार एरवी बंदूक हाताळता येत नाही, मात्र त्याच्याकडे शिकारीचा परवाना असल्यास येते. म्हणून नानांनी तो रीतसर विकत घेतला. नानांच्या घरात झुरळ निघाले तर आजही वहिनींनाच हाक मारावी लागते, ही गोष्ट टेक्सास सरकारला कोणी कळवली होती काय, असा प्रश्न भाऊंनी येथेच उपस्थित केला.

नानांनी तिकडे दुर्लक्ष करून वजनाचे माहात्म्य सुरू केले. अर्ध्या लिटरची पाण्याची बाटलीसुद्धा याहून जड असते. झब्ब्याच्या खिशात ठेवले तरी झब्बा ओघळत नाही. मुंबईच्या उकाड्यात कोट घालून फिरणे शक्य नसल्यामुळे आपल्याला हलके हत्यारच हवे. सांगाडा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असल्यामुळे घामाने गंजण्याची भीती नाही, इत्यादी. नाना बोलतात तेव्हा आपण एखाद्या उत्पादनाचे उद्घाटन करत आहोत असे त्यांना वाटत असते, आणि समोरच्याला आपण निमंत्रणाविना आलो आहोत असे.

कुंदाताई भाजीची पिशवी कट्ट्यावर टेकवून हे सारे शांतपणे ऐकत होत्या. नव्या मंडळींसाठी सांगायला हवे, की ताई एनसीसीत असल्यापासून नेमबाजी करतात आणि वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर त्यांची उमेदीची वर्षे गेली आहेत. त्यांनी एवढेच विचारले, "वजन समजले. टार्गेटचा फोटो आहे का?"

फोटो होता, नानांनी तो मोठ्या हौसेने दाखवला. सात यार्डांवरचा, म्हणजे जेमतेम साडेसहा मीटरांवरचा कागद, आणि त्यावरची भोके मध्याच्या खाली डावीकडे विखुरलेली. ताईंनी फोटो बोटांनी मोठा केला, क्षणभर पाहिला आणि विचारले, "आधी मॅग्नम झाडलीत ना?"

नाना चपापले. तसेच घडले होते. पुतण्याने मोठे काडतूस आधी घालून दिले होते, आणि पहिल्याच बाराला चापाभोवतीच्या कड्याने नानांच्या मधल्या बोटाच्या पेरावर असा तडाखा दिला, की ते पेर परतीच्या विमानात बसेपर्यंत हिरवे-निळे होते. मूठ इतकी आखूड, की करंगळीला धरायला काहीच उरत नाही. ती खाली लोंबकळते, आणि बार होताच सगळा दांडा अंगठ्याच्या बेचक्यात शिरतो. नळीच्या तोंडाशी केवढा जाळ झाला याचे वर्णन नाना हात पसरून करू लागले, तेव्हा ताई म्हणाल्या, "पुढचे मी सांगते. त्यानंतर हाती आलेल्या रूगरची काडतुसे सौम्य होती, धक्का सोसण्यासारखा होता, चापही पुष्कळ सुरळीत होता. पण तोवर तुमचा हात घाबरला होता. बार होण्याच्या आधीच मनगट खाली झुकत होते आणि बोट चाप ओढण्याऐवजी त्याला हिसका देत होते. उजव्या हाताचा माणूस असे करतो तेव्हा गोळ्या खाली डावीकडेच जातात. हा फोटो रिव्हॉल्व्हरचा नाही, नाना, तुमच्या धास्तीचा आहे."

या वाक्यानंतर चर्चा संपायला हरकत नव्हती, परंतु नाना सहजासहजी हार मानणाऱ्यांपैकी नाहीत. हलके हत्यार नको तर काय तोफ खिशात घालायची, असे त्यांनी विचारले. त्यावर ताईंनी जे सांगितले ते मला नीट लिहून ठेवावेसे वाटते, कारण दुकानात आणि जाहिरातीत वजनाचा आकडा जितक्या ठळकपणे येतो तितक्या ठळकपणे हे कोणी सांगत नाही. काडतूस तेच राहिले तर बंदुकीला मागे मिळणारा संवेग जवळपास तेवढाच राहतो. म्हणून बंदुकीचे वजन निम्मे केले की ती दुप्पट वेगाने मागे येते आणि धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होते. खिशात वाचवलेले ग्रॅम हातावर वसूल होतात. बरे, त्रास हाताला होतो इथेच हे थांबत नाही. इतक्या हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्यामुळे सिलिंडरातल्या उरलेल्या काडतुसांच्या गोळ्या कवचातून पुढे सरकतात, आणि एखादी पुरेशी बाहेर आली की सिलिंडर फिरायचेच थांबते. 340 पीडीच्या नळीवर 120 ग्रेनपेक्षा (म्हणजे सुमारे पावणेआठ ग्रॅमपेक्षा) हलकी गोळी वापरू नये असे कोरलेले असते, कारण हलक्या गोळ्यांच्या मॅग्नम काडतुसांनी त्याचे टायटॅनियमचे सिलिंडर लवकर झिजण्याचा संभव असतो. "तुम्ही नळीवरचे ते वाचले होते का?" ताईंनी विचारले. नानांनी चष्मा गाडीत राहिल्याचे सांगितले, आणि भाऊंना ठसका लागला.

मग प्रश्न आला आपल्याकडचा. पोलीस खात्यातून निवृत्त झाल्यापासून सावंतसाहेब कट्ट्यावर कमी बोलतात, परंतु कायद्याचा विषय निघाला की त्यांच्या खात्याचा आवाज परत येतो. त्यांनी सांगितले, की .38 आणि 9 मिलिमीटर आपल्याकडे सर्वसामान्य परवानाधारकाला मिळतच नाहीत, ती निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे नळीच्या बंदी असलेल्या मापांत, मोडतात. सामान्य माणसाच्या वाट्याला येते ते.32. 2016 च्या नियमांप्रमाणे हत्यार सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, आणि सार्वजनिक जागी ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकूनच न्यावे लागते, त्यामुळे नानांना ते टेक्साससारखे उघड मिरवता येणार नाही. शिवाय निवडणूक लागली की बहुतेकांना ते पोलीस ठाण्यात जमा करावे लागते, आणि 2024 साली तर लोकसभा आणि विधानसभा अशा दोन निवडणुका झाल्या. "म्हणजे ते नानांपेक्षा तुमच्याकडेच जास्त राहणार," असे भाऊ म्हणाले. सावंतांनी हे खोडून काढले नाही. वांद्र्यात ज्यांच्यासोबत प्रत्यक्ष पोलीस होता त्यांचे काय झाले, एवढे मात्र त्यांनी हळू आवाजात विचारले.

.32 चे नाव ऐकून नानांनी नाक मुरडले. चिमण्या मारायचे काडतूस, असे ते म्हणाले, आणि इथे ताईंचा पारा चढला. .32 स्मिथ अँड वेसन लाँग हे एकोणिसाव्या शतकातले काडतूस आहे हे खरे. पण पंचवीस मीटरवरून नेम धरण्याच्या 'सेंटर फायर पिस्तूल' या स्पर्धाप्रकारात जगभरचे नेमबाज आजही हेच काडतूस मोठ्या प्रमाणावर वापरतात, कारण ते हात न हलवता भोकाशेजारी भोक पाडू देते. जसपाल राणाने 2006 साली दोहाच्या आशियाई स्पर्धेत 590 गुण मिळवून विश्वविक्रमाशी बरोबरी केली ती याच प्रकारात. गंमत म्हणजे, ज्या स्मिथ अँड वेसनचे नाव नाना जपासारखे घेत होते, त्याच कंपनीने 2024 मध्ये खिशात बाळगायच्या छोट्या रिव्हॉल्व्हरची नवी आवृत्ती .32 च्या मॅग्नममध्ये आणली. त्यात पाचऐवजी सहा काडतुसे बसतात, धक्का.38 पेक्षा कमी, आणि आपले .32 लाँगही त्यातून झाडता येते. अमेरिकेतले दर्दी अनेक वर्षे बोटे सुजवून घेऊन शेवटी जिथे पोहोचले, तिथे आपल्याला सरकारने सक्तीने आधीच नेऊन ठेवले आहे, असे ताईंचे म्हणणे. नाना मात्र पुतण्याच्या मॅग्नमलाच धरून बसले.

भाऊंना 'निर्भीक' आठवले. कानपूरच्या आयुध निर्माणीने 2014 च्या जानेवारीत काढलेले, .32 चे, सहा काडतुसांचे, अर्ध्या किलोचे, सव्वा लाखाच्या आसपास किमतीचे आणि खास महिलांसाठी म्हणून गाजवलेले. त्या काळी भाऊंनी ताईंना ते घेण्याचा सल्ला दिला होता, आणि ताई तो अजून विसरलेल्या नाहीत. वजन आणि काडतूस यांचा मेळ शहाणपणाचा आहे, हे त्यांनी मान्य केले. "पण ते दागिन्यांच्या पेटीसारख्या मरून पेटीतून देत होते, भाऊ. पेटीपेक्षा वर्षभर सरावाला पुरतील इतकी काडतुसे दिली असती तर मी खरोखर विचार केला असता." माझ्या मते मुद्दा इथेच होता. छोटे, हलके, आखूड नळीचे रिव्हॉल्व्हर हे नवशिक्याचे हत्यार म्हणून विकले जाते, आणि प्रत्यक्षात सराव मागण्यात त्याच्याइतके कठोर हत्यार क्वचितच असेल: चाप लांब आणि जड, नेम धरायला पुढे एक बुटके टोक आणि मागे नुसती खाच, दोघांमध्ये अंतर जेमतेम बोटभर. परवान्यावर वर्षाची काडतुसे मोजून लिहून मिळणाऱ्या माणसाने तो सराव कुठून आणावा? ताईंनी रिकामा चाप ओढण्याचा सराव सुचवला, रेंजवर कोणाकडून तरी सिलिंडरात मध्येच एखादे रिकामे कवच घालून घेण्याचा उपाय सांगितला, म्हणजे बार न होताही मनगट कसे झुकते ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसते.

"आणि दादर स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सात वाजता खाली डावीकडे कोण उभे असते, याचाही विचार करा," असे त्या उठता उठता म्हणाल्या.

नाना आता दुखावले होते. आपला नेम मुळात उत्तम आहे आणि हत्यारेच दगा देतात, असे त्यांनी जाहीर केले. झाले. भाऊंनी माहीमच्या उरुसातले फुग्यांचे दुकान काढले, जिथे नानांनी छऱ्यांवर छरे मागवले, एकही फुगा फुटला नाही, आणि पैसे भाऊंना द्यावे लागले, जे अद्याप परत आलेले नाहीत. त्या बंदुकीची नळी वाकडी होती, असे नाना ओरडून सांगू लागले. दुकानदाराच्या सात वर्षांच्या पोराने त्याच बंदुकीने ओळीने फुगे फोडले होते, असे भाऊ त्याहून मोठ्याने. चहावाल्यापर्यंत सगळे हसत असताना नाना सावंतसाहेबांकडे वळले आणि निदान अब्रुनुकसानीची तक्रार तरी लिहून घ्या म्हणाले. सावंतसाहेबांनी गंभीर चेहऱ्याने सांगितले, की घटनास्थळ पाहता हद्द माहीमची आहे.