खुलासा: 'लुकास' कोरलेला प्रत्येक टॉगल स्विच जुना नसतो

जुन्या ब्रिटिश रॅली गाड्यांच्या डॅशबोर्डवरच्या टॉगल स्विचवर (दांडी वर-खाली करून चालणाऱ्या स्विचवर) 'लुकास' या ब्रिटिश वाहन-विद्युत कंपनीचं नाव दिसलं की तो अस्सल, असा दावा फिरतो आहे. तो चुकीचा आहे. हे नाव आजही नव्या सुट्या भागांवर छापलं जातं.

स्विच काढून मागची बाजू पाहा. प्रकार, पार्ट नंबर आणि तारखेचा ठसा पत्र्यावर असेल तर वाचा. १९६४ च्या गाडीत १९७१ चा स्विच खरा लुकास असेल, पण त्या गाडीचा मूळ नव्हे. टर्मिनल्सही, म्हणजे तारा जोडायच्या जागाही, बघा: आधीच्या स्विचना स्क्रू, नंतरच्यांना ६.३ मिमीची पाती. ठसा पुसट असेल तर तारेच्या ब्रशने घासू नका. तोच पुरावा असतो. चकाकी तर अजिबात निकष नाही, क्रोम पुन्हा चढवता येतं.

अस्सल स्विचही तपासूनच वापरावा. ५५ वॅटचे चार दिवे १२ व्होल्टवर १८ अँपिअरहून जास्त प्रवाह खेचतात. जुने संपर्क त्यात तापतात, मागचं इन्सुलेशन वितळतं. म्हणून दिव्यांचा प्रवाह फ्यूज लावलेल्या रिलेतून, म्हणजे छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचमधून, न्या. डॅशबोर्डवरच्या स्विचने फक्त रिले चालवावा.